ती चुकली तर चालेल का?

पत्र, थोडक्यात: "मी पहिल्यांदाच पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा लिहिते आहे. माझी नायिका अग्निशमन दलात अधिकारी आहे. धाडसी, कुणापुढे न झुकणारी, शरीरानं दणकट. शेवटी जळत्या इमारतीत वरिष्ठांचा हुकूम मोडून ती आत शिरते आणि अडकलेल्या सगळ्यांना बाहेर काढते. ज्यांना पटकथा वाचायला दिली ते बहुतेक सगळे म्हणतात, 'बाई खंबीर आहे, पण लक्षात राहत नाही.' एका मैत्रिणीनं सुचवलं, तिला आगीची भीती दे. दुसरी म्हणते, तिच्यावर पूर्वी अत्याचार झाला होता असं दाखव, म्हणजे तिचा राग पटेल. एक मित्र म्हणतो, पुरुष आहे असं समजून लिही आणि शेवटी नाव बदल. निर्मात्यांना एक मारामारी हवी आहे. कुणाचं ऐकू? तिच्यात नेमकं काय कमी आहे? – एक नवी पटकथाकार"

प्रिय मैत्रीण,

पत्रासोबत कथेचा सारांश पाठवलात ते बरं केलंत, कारण उत्तर त्यातच सापडलं. तुमची नायिका पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत बरोबरच असते. तिचा अंदाज बरोबर, तिचा राग बरोबर, हुकूम मोडणंही बरोबर. तिला अडवणारा वरिष्ठ अधिकारी भित्रा, कागदी घोडे नाचवणारा आणि बराचसा मूर्ख आहे. मग ती आत जाते आणि सगळेच्या सगळे वाचतात. आता जरा प्रेक्षकाच्या जागी बसून पाहा. ही म्हणेल ते खरं ठरणार, हे त्याला सुरुवातीलाच कळून चुकतं. त्यानंतर तिच्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागावा तरी कशाला? समोरचा मूर्ख असला की त्याच्याशी घेतलेली टक्कर स्वस्तात पडते. आणि शेवटी काहीच गमवावं लागलं नाही, तर ती जळत्या इमारतीत शिरली काय आणि लिफ्टमध्ये शिरली काय, पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही.

मला मनापासून वाटतं ते सांगते. नायिका लक्षात राहते ती तिनं घेतलेल्या निर्णयांमुळे. दोन्ही वाटांवर काहीतरी हातचं जाणार असेल आणि ती चुकण्याची खरी शक्यता असेल, तरच पाहणाऱ्याला तो निर्णय वाटतो. तिचे दंड, तिची टाळ्या घेणारी वाक्यं, तिचा पोशाख हे सगळं नंतरचं.

रिडली स्कॉट यांचा १९७९ चा, अंतराळयानावर घडणारा भयपट 'एलियन' घ्या. त्याची नायिका रिप्ली, तिचं नाव निघालं की लोकांना शेवटची झुंज आठवते. माझ्या मते तिचं पात्र त्याच्या कितीतरी आधी उभं राहतं, आणि त्या प्रसंगात ती काहीही करत नाही, फक्त एका बंद दाराच्या आत असते. बाहेर गेलेले सहकारी परत आले आहेत आणि त्यांच्यातल्या एकाच्या चेहऱ्याला अनोळखी जीव चिकटलेला आहे. कप्तान म्हणतो, दार उघड. ती म्हणते, विलगीकरणाचा नियम आहे, नाही उघडणार. नियम पाळावा तर सहकारी दाराबाहेर मरेल, मोडावा तर जहाजावरच्या सगळ्यांचा जीव धोक्यात. बाहेर उभी असलेली माणसं मूर्ख नाहीत, ती आपल्या मित्राला वाचवायला धडपडताहेत. पहिल्यांदा पाहताना आपणही थोडे त्यांच्याच बाजूचे असतो आणि ती आपल्याला निष्ठुर वाटते. दार शेवटी दुसराच कुणीतरी उघडतो. ती बरोबर होती हे पुढे कळतं, पण त्या क्षणी ते तिलाही ठाऊक नसतं, आपल्यालाही नसतं.

या प्रसंगात ती नियम मोडत नाही, पाळते. तुमच्या नायिकेनं हुकूम मोडलाच पाहिजे, असं तुम्हाला का वाटलं? बहुधा इतर पन्नास चित्रपटांत नायक तो मोडतात म्हणून. ते एकदा तपासून पाहा.

तुमच्या मित्राचा 'पुरुष समजून लिही' हा सल्ला याच चित्रपटावरून आलेला असणार. डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांच्या मूळ पटकथेत तशी नोंदच होती: जहाजावरचे कर्मचारी स्त्री किंवा पुरुष, कुणीही असू शकतात. त्याचा फायदा नक्कीच झाला. रिप्लीच्या वाट्याला हुद्दा आला, काम आलं, कामावरून होणारी कुरबुर आली. किंचाळणं आणि वाचवलं जाणं एवढंच तिच्या पदरात पडलं नाही. लिहिताना पुरुष पात्रांना आपण सहज जे देतो, म्हणजे कौशल्य, हट्ट, थकवा, विनोदबुद्धी, ते स्त्री पात्राला द्यायला आपला हात आखडतो, ही खरी अडचण आहे आणि हा सल्ला तिच्यावर औषध म्हणून चालतो. पण पोटभर जेवण म्हणून चालत नाही.

जोनाथन डेमी यांचा १९९१ चा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' पाहा आणि खुनी शोधणाऱ्या क्लॅरिस स्टार्लिंगच्या जागी एक तरुण मुलगा कल्पून बघा. अर्धा चित्रपट कोसळतो. सुरुवातीलाच ती लिफ्टमध्ये शिरते तर भोवती तिच्यापेक्षा हातभर उंच पुरुषांचा घोळका. तिच्याशी बोलणारी माणसं कितीदा तरी थेट कॅमेऱ्याच्या भिंगात पाहतात, त्यामुळे त्यांची नजर आपल्या अंगावर येते आणि तिच्या जागी असणं कसं असेल ते न सांगता कळतं. मग तो मृतदेह तपासण्याचा प्रसंग. तिचा वरिष्ठ तिच्यादेखत स्थानिक पोलीसप्रमुखाला सुचवतो की असलं बोलणं बाईमाणसासमोर नको, आणि त्याला बाजूला घेऊन जातो. ती पोलिसांनी भरलेल्या खोलीत एकटी उरते, सगळे तिच्याकडे बघताहेत. थोड्या वेळानं तीच त्या सगळ्यांशी अदबीनं बोलते, मेलेल्या मुलीला इथवर आणल्याबद्दल आभार मानते आणि आता आम्हाला काम करू द्या म्हणून त्यांना बाहेर पाठवते. परतताना गाडीत वरिष्ठ सांगतो की ते त्या माणसाला कटवण्यासाठी होतं. ती शांतपणे म्हणते की कसं वागायचं हे बाकीचे तुमच्याकडे पाहून ठरवतात, म्हणून त्यानं फरक पडतो. आवाज चढत नाही, कुणाच्या कानाखाली बसत नाही. ती अजून प्रशिक्षणार्थी आहे, समोर तिचं भवितव्य ठरवणारा माणूस आहे, आणि तरी ती हे बोलते. मला तर हा प्रसंग तिच्या शेवटच्या अंधारातल्या थराराइतकाच मोलाचा वाटतो.

म्हणून तुमच्यापुढचा पहिला प्रश्न असा: तुमच्या कथेतलं जग तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतं का? पाहत असेल तर ते भाषणातून येऊ देऊ नका, कामातून येऊ द्या. तिचा संरक्षक पोशाख तिच्या मापाचा आहे, की पुरुषांच्या मापाचा आखडून घातलेला? शिडीवर तिच्या खाली असलेला जवान तिच्यावर भरवसा टाकतो, की नकळत दोनदा वर पाहतो? अशा दोन-तीन गोष्टी पुरतात.

अत्याचाराच्या भूतकाळाबद्दल मी ठाम आहे: नको. तुमची कथा त्या अनुभवाबद्दल असती, त्यातून सावरण्याबद्दल असती, तर गोष्ट वेगळी होती. ती तशी नाही. मग तो अत्याचार तिथे कशासाठी येणार? ती शूर का आहे याचा खुलासा म्हणून. पुरुष अग्निशामक शूर का आहे, हे कुणी विचारतं का? त्याचं धाडस त्याचंच असतं. तिच्या धाडसाचं मूळ मात्र आपण कुण्या गुन्हेगाराच्या हातात देऊन मोकळे होतो. आणि ज्यांनी हे प्रत्यक्ष भोगलं आहे, त्यांच्या वेदनेला आपण दोन मिनिटांच्या फ्लॅशबॅकमध्ये इंधन म्हणून वापरतो. हे मला सहन होत नाही, तुम्हालाही लिहिताना अवघडल्यासारखं झालं असेल, म्हणूनच तुम्ही विचारलंत.

भूतकाळ असूच नये असं माझं म्हणणं नाही. 'एलियन'च्या पुढच्या भागात, १९८६ च्या 'एलियन्स'मध्ये, रिप्ली अनेक दशकांच्या निद्रेतून जागी होते. दरम्यान तिची मुलगी म्हातारी होऊन वारली, हे तिला कळतं, असा एक प्रसंग चित्रित झाला होता. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीतून तो काढून टाकला गेला आणि पुढे विस्तारित आवृत्तीत परत आला. तो प्रसंग सुंदर आहे. पण तो नसतानाही चित्रपट लंगडा वाटला नाही, कारण तिथे तिला सापडलेल्या, एकट्या उरलेल्या दुसऱ्याच एका लहान मुलीसाठी ती आत्ता, डोळ्यांसमोर काय करते, यावर सगळं उभं होतं. सिगर्नी वीव्हर यांना या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा प्रेक्षकांनी पाहिलेली आवृत्ती ती त्या प्रसंगाविनाची होती. तुमच्या नायिकेला काही गमावलेलं द्यायचं असेल तर द्या, पण आधी ते काढून वाचून पाहा. ते काढल्यावर तिचे निर्णय कळेनासे झाले, तर गडबड निर्णयांत आहे.

आगीची भीती? ती चिकटवल्यासारखी वाटेल. दोष द्यायचा तर तो तिच्या गुणाच्याच पोटातून निघालेला असू द्या. १९८४ च्या 'द टर्मिनेटर'मध्ये एक मारेकरी यंत्रमानव जिच्या जिवावर उठतो ती साराह कॉनर हॉटेलात वेट्रेस असते. १९९१ च्या दुसऱ्या भागात ती इतकी कणखर झालेली असते की लिंडा हॅमिल्टन यांचे पिळदार दंड हाच त्या भूमिकेचा अर्थ असल्यासारखं आजही लोक बोलतात. पण तोच कणखरपणा तिला कुठे नेतो ते आठवा. पुढे ज्याच्या संशोधनातून विनाश होणार आहे, त्या माणसाला मारायला ती त्याच्या घरात शिरते. तो जखमी होऊन पडलेला, बायको आणि लहान मुलगा समोर, आणि हिच्या हातात पिस्तूल. अख्ख्या मानवजातीला वाचवण्याचं कारण तिच्यापाशी आहे. आणि ती चाप ओढू शकत नाही, कोसळते. यंत्राशी लढता लढता ती स्वतः यंत्रासारखी होत चालली होती, हे तिला त्या क्षणी कळतं. तुमच्या नायिकेचा गुण कोणता? मी नेहमी माझ्या मनाचं ऐकते, हा. मग तिचा दोषही तोच असू द्या: ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, आणि त्याची झळ कुणाला तरी बसते.

आणि कृपा करून तिला हसू द्या. खंबीर बाई लिहायला घेतली की आपण तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी काढून घेतो, का कुणास ठाऊक. कोएन बंधूंच्या १९९६ च्या 'फार्गो'मधली मार्ज ही पोलीसप्रमुख आहे, सात महिन्यांची गरोदर आहे, नवऱ्यावर माया करते, भरपूर खाते, सगळ्यांशी गोड बोलते, आणि गुन्ह्याच्या जागी बर्फातल्या पावलांवरून काय घडलं ते सांगून टाकते. चित्रपटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटल्यावर ती पहिल्यांदा पडद्यावर येते आणि तरी चित्रपट तिचाच होतो. फ्रान्सेस मॅकडॉर्मंड यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. तिच्या लेखनातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की ती फसते. शाळेतला एक जुना ओळखीचा तिला भेटतो, रडत रडत आपली दुःखं सांगतो, ती विश्वास ठेवते. नंतर मैत्रिणीकडून कळतं की सगळं खोटं होतं. त्यानंतर ती तपासात आधी भेटलेल्या एका गाडीविक्रेत्याकडे दुसऱ्यांदा जाते, ज्याचं म्हणणं तिनं आधी मान्य केलं होतं. चित्रपट याचा कुठेही खुलासा करत नाही. पण आपण फसू शकतो हे तिला कळलं आहे, हे पाहणाऱ्याला कळतं. तिची चूकच तपासाला पुढे ढकलते. तुमच्या पटकथेत नायिकेची एखादी चूक कथेला पुढे नेते का? मला तरी दिसली नाही.

दुसऱ्या बायका कुठे आहेत, हेही पाहा. तुमच्या सारांशात नायिकेशिवाय एकही स्त्री नाव घेऊन येत नाही. अ‍ॅलिसन बेकडेल यांच्या १९८५ मधल्या एका व्यंगचित्रपट्टीत एक पात्र सांगतं की ती चित्रपट तेव्हाच पाहते, जेव्हा त्यात किमान दोन स्त्रिया असतात, त्या एकमेकींशी बोलतात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलतात. ही कसोटी पार केली म्हणजे चित्रपट चांगला झाला असं अजिबात नाही, पण एकुलती एक बाई ही नेहमी बायकांची प्रतिनिधी होऊन बसते आणि प्रतिनिधीला चुकायची मुभा नसते. दुसरी बाई आली, तीही वेगळ्या मताची, की पहिली मोकळी होते.

पुरुष पात्रांना खुजं करून तिला उंच करू नका, हे वर वरिष्ठ अधिकाऱ्याबद्दल बोलताना आलंच. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' या २०१५ च्या चित्रपटात मॅक्सचे नेम चुकतात, गोळी एकच उरते, तेव्हा तो बंदूक नायिका फ्युरिओसाकडे देतो आणि ती त्याच्या खांद्यावर टेकवून नेम साधते. तो तिथे लहान होत नाही. तिची नेमबाजी आपल्यापेक्षा चांगली आहे हे ओळखणारा माणूस म्हणून तो आवडतो.

आता किमतीबद्दल, कारण माझ्या मते तुमची पटकथा इथेच सगळ्यात हात राखून लिहिली गेली आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ चा 'उंबरठा' तुम्ही पाहिला असेलच. विजय तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटील यांची सुलभा. लहान मुलीला घरी ठेवून ती महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून काम करायला जाते. तिथली सडलेली व्यवस्था तिला दुरुस्त करता येत नाही. ती परत येते तर घरात तिची जागा उरलेली नाही, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे. ती पुन्हा बाहेर पडते. विचार करा, या बाईनं काय जिंकलं? कामात हार, घरात हार, मुलगी दुरावलेली. आणि इतक्या वर्षांनी आपण तिच्याबद्दल अजून वाद घालतो, तिनं मुलीला सोडायला नको होतं असं म्हणणारेही भेटतात. तो वाद हीच त्या लेखनाची ताकद आहे. तिला सगळं मिळालं असतं तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. १९५७ च्या 'मदर इंडिया'तली राधा तर पोटच्या मुलावर गोळी झाडते. आणि खंबीरपणा दाखवायला हाणामारी लागतेच असं नाही, हे व्ही. शांतारामांच्या 'कुंकू'नं १९३७ मध्येच दाखवून दिलं. त्यातल्या नीराचं हत्यार म्हणजे तिचा नकार. फसवून लावून दिलेलं म्हाताऱ्याशी लग्न ती मानत नाही, आणि चित्रपटभर मानत नाही.

तर तुमच्या शेवटच्या प्रसंगाचं काय करायचं? माझा सल्ला असा, की तो शेवटून उचला आणि मध्यावर आणा. वरिष्ठ अधिकाऱ्याला शहाणा करा, कामात तिच्याइतकाच वाकबगार. मजला खचणार हे त्याला दिसतंय म्हणून तो सगळ्यांना बाहेर बोलावतोय. तिला वरून ठोकल्याचा आवाज आला आहे, तो फक्त तिनंच ऐकला आहे. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा मिनिटांवर आली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं: अशा जागी कुणी एकटं आत जात नाही, जोडीनं जातात. म्हणजे ती हुकूम मोडेल तेव्हा आणखी एका माणसाचा जीव पणाला लावेल. तो जवान 'चला' म्हणतो. का म्हणतो? तिच्यावर विश्वास आहे म्हणून, की वरच्या हुद्द्यावरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून? तिला ते विचारायला वेळ नाही, आणि कदाचित उत्तर ऐकायची इच्छाही नाही. त्या जागी थोडं थांबा, घाई करू नका.

मग वर कुणीच नसू द्या. तो आवाज तापलेल्या पाइपाचा होता. जोडीदार जखमी होऊन बाहेर येतो, पुन्हा शिडी चढेल की नाही सांगता येत नाही. उरलेला अर्धा चित्रपट ही बाई काय करते यावर लिहा. चौकशीत ती खरं सांगते का? जोडीदाराच्या घरी जाते का, आणि दार उघडणारी त्याची बहीण, तुमची ती दुसरी स्त्री, तिला काय बोलते? अधिकाऱ्यानं तिला पाठीशी घालायची तयारी दाखवली तर ती घेते का? आणि शेवटी पुन्हा तशीच इमारत, पुन्हा तसाच आवाज. आता ती आत गेली तरी आणि नाही गेली तरी प्रेक्षकाचा श्वास अडकेल, कारण ती चुकू शकते हे त्यानं पाहिलेलं आहे.

हे करताना 'तुझ्यासारखी दुसरी नाही' असं तिला सांगणारी सगळी वाक्यं काढून टाका. सारांशातच तीन माणसं तिला ते सांगतात. तिची ओळख करून देणारा संथ गतीतला, धुरातून चालत येण्याचा प्रसंगही मी काढेन. त्याऐवजी ती श्वसनयंत्र तपासताना दिसू दे, नेहमीच्या सवयीनं, कुणाशी तरी बोलता बोलता.

राहिली निर्मात्यांची मारामारी. ती ठेवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त ती रस्त्यावरच्या चार गुंडांशी नको, कारण त्यांच्याशी तिचा काही हिशोब नाही. ती केंद्रातल्याच दुसऱ्या जवानाशी होऊ द्या, जखमी जोडीदाराच्या मित्राशी, अपघातानंतर दोन दिवसांनी. त्यानं पहिला हात उचलला तर ती उलटून मारते की मार खाते, हे तुम्ही ठरवा. पण त्याचा राग खरा आहे हे तिला माहीत असलं पाहिजे. पडद्यावर हाणामारी आहे म्हणून निर्माते खूश राहतील आणि तुमचंही काम होईल.

आधी तो मधला प्रसंग लिहून काढा, मग चौकशीचा. शेवटाला आत्ता हात लावू नका. तो आधी ठरवलात तर तिला पुन्हा बरोबर ठरवण्याचा मोह होईल.